बेचाळीस जाहिरातींतले हात

रूपालीचा फोन आला तेव्हा भारत गांगुर्डे पिठाच्या गिरणीत उभा होता. दोन किलो ज्वारी दळायला टाकली होती. आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून तो बाहेर रस्त्यावर आला.

"सर, एक बारीकसं काम राहिलंय," रूपाली म्हणाली. "आपल्या फिल्ममधले ते हात कोणाचे आहेत?"

"कुठले हात?"

"मसाला टाकणारे. सगळ्या फिल्ममध्ये तेच आहेत ना. त्यांचा फॉर्म फाईलमध्ये मिळत नाहीये."

भारतने मागे वळून बघितलं. आत गिरणीवाल्या बाईंनी त्याचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"माझ्या मिसेसचे आहेत," तो म्हणाला.

मंजुषाला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. रूपाली तेव्हा इंदिरानगरला घरी भेटून गेली होती, फोटोला फुलं वाहून गेली होती. पण फोटोत चेहरा होता, हात नव्हते.

"सॉरी सर. मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? तोंड कुठे दाखवलंय आपण."

भारत जाहिरातींच्या फिल्म करायचा. प्रोड्यूसर म्हटलं की लोकांना सिनेमा आठवतो, म्हणून तो सरळ सांगायचा, कंपन्यांचे व्हिडिओ करतो. क्लायंटने काय हवं ते सांगायचं आणि भारतने माणसं, जागा, कॅमेरा, भांडीकुंडी जमवून अर्ध्या नाहीतर दीड मिनिटाची फिल्म करून द्यायची. ठिबकच्या नळ्या, द्राक्षाची औषधं, शाळांचे प्रवेश, बिल्डरांचे फ्लॅट, सगळं करून झालं होतं. पण तेरा वर्षं टिकलेलं गिऱ्हाईक एकच, अंबडचे तानुबाई मसाले. मालक गोटीराम पवार. घोटीच्या बाजारात मिरची कुटून विकायचे, मग आईच्या नावाने कंपनी काढली. दोन्ही मुलांना मिरचीने शिंका येतात, असं ते स्वतःच सांगायचे आणि म्हणून यंदा त्यांनी कंपनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला विकून टाकली. रूपाली विक्रीच्या आधीपासून तानुबाईत जाहिरातींचं बघायची.

नव्या मालकांच्या वकिलांनी, जाहिरातीत दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचं संमतिपत्र मागितलं होतं. भारत त्या बाबतीत पक्का होता. पोरांच्या आईबापांच्या सह्या, आजीबाईंचे अंगठे, एका फिल्ममध्ये नुसती पाठ दिसणाऱ्या रिक्षावाल्याचीही सही त्याच्याकडे होती. बायकोची सही घ्यायची असते, हे मात्र तेरा वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

फोन चालू असतानाच फॉर्म मेलवर आला. चार पानं, इंग्रजी. काय आहे ते रूपालीने फोनवर समजावून सांगितलं. मंजुषाचा वारस म्हणून भारतने सही करायची. मग जुन्या बेचाळीस फिल्म चालू राहतील. रशेस, म्हणजे शूटिंगचा सगळा कच्चा माल, कंपनीला द्यायचा आणि स्वतःकडे एकही कॉपी ठेवायची नाही. शिवाय त्या हातांचे लागतील तसे नवे शॉट कंपनी बनवून घेऊ शकेल.

"बनवून म्हणजे?"

"एआयने, सर. समजा उद्या पास्त्याचा मसाला काढला, तर हेच हात पास्त्यावर मसाला टाकताना दाखवता येतील. त्यांना हे हात फार आवडलेत. म्हणतात, हीच तुमची ओळख आहे."

मंजूने पास्ता जन्मात एकदा खाल्ला होता, मुलगा स्वराज बंगलोरहून सुट्टीला आला तेव्हा त्याच्या आग्रहाने. शेवयांचं असं वाटोळं कोणी केलं, असं तिने विचारलं होतं.

"आणि सही नाही केली तर?"

"मग हातांचे सगळे शॉट काढून टाकावे लागतील. यूट्यूबवरून, फेसबुकवरून, सगळीकडून. नवे शॉट अर्थात तुम्हीच कराल सर. फक्त शुक्रवारपर्यंत काय ते कळवा."

दळण झालं होतं. भारतने गरम डबा स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि घरी न जाता तो तसाच ऑफिसला गेला.

पहिली फिल्म दोन हजार बाराची. गंगापूर रोडला एका ओळखीच्यांचं स्वयंपाकघर एका दिवसासाठी मागून घेतलं होतं. मुंबईहून हातांसाठी एक बाई यायच्या होत्या. अशा बायका असतात, त्यांचं काम फक्त हात दाखवायचं. त्या बाईंचा दहा वाजता फोन आला, बोटाला चटका बसलाय, येत नाही. इकडे आमटी तीनदा गरम करून तिचा रंग गेला होता आणि गोटीराम खुर्चीवर बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. मंजुषा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्या दिवशी सुट्टी म्हणून युनिटचा डबा घेऊन आली होती.

"वहिनी, तुम्हीच टाका आता," गोटीराम म्हणाले. "हात धुतलेले हायेत ना?"

"हात धुतलेले आहेत, पण चमच्याने टाकायचा का हाताने?"

"चमच्याने," भारत म्हणाला. कागदावर तसं लिहिलं होतं.

मंजूने चमचा घेतला, पातेल्यात बघितलं आणि चमचा खाली ठेवला. हातातल्या बांगड्या कोपराकडे मागे सारल्या, मसाला तळहातावर घेतला, मूठ जराशी मिटून अंदाज घेतला आणि आमटीत सोडला. अंगठ्याने तळहात पुसून उरलेला कणही त्यात टाकला. तिचं माहेर मखमलाबादचं, घरची गुलाब आणि झेंडूची शेती. लहानपणापासून फुलं तोडून, निवडून बोटांना वेग आला होता. डाव्या तर्जनीवर विळ्याची जुनी खूण होती. भारतला ती खूण मेकअपने झाकायची होती.

"झाकू नका," गोटीराम म्हणाले. "माझी आई असाच टाकायची मसाला. तो चमचा तेवढा फेकून द्या."

तेव्हापासून बेचाळीस फिल्म झाल्या. पापडाची, लोणच्याची, काळ्या मसाल्याची, उपवासाच्या भाजणीची. चेहरे बदलत गेले. कधी सासू-सून, कधी होस्टेलची मुलं, एकदा तर एक पैलवान. हात मात्र मंजूचे. बांगड्या मागे सारायची तिची सवय फिल्मची सुरुवात होऊन बसली. भारतने पहिल्यांदा ती कापून टाकली होती, गोटीरामांनी परत घालायला लावली. शूटिंग ठरलं की मंजू आधी विचारायची, "ह्या वेळी काय शिजतंय?" आणि शूटिंग संपलं की डबे भरून भाजी शेजारीपाजारी वाटायची. एकदा फ्लॉवर चमकावा म्हणून भारतने त्याला ग्लिसरीन लावलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंना तिने तो डबा दिला. कळल्यावर चार दिवस ती त्यांच्या दारावरून जाताना पदर डोक्यावर घ्यायची.

एडिटर नाथा ऑफिसात एकटाच होता. अकरा वर्षं तो भारतकडे काम करत होता. भारतने त्याला सगळं सांगितलं आणि मंजूच्या रशेसच्या हार्ड डिस्क काढायला सांगितल्या.

"किती भरतील?"

"सात," नाथा म्हणाला. "दुसऱ्याकडे दोनात मावलं असतं. तुम्ही कट म्हटल्यावर कॅमेरा बंद करत नाही ना."

ती भारतची जुनी खोड. तो आधी लग्नांचे व्हिडिओ करायचा. कॅमेरा बंद केला की मगच मुलीचा बाप रडतो, हे तो तिथे शिकला होता. तेव्हापासून कट म्हटल्यावरही तो कॅमेरा चालू ठेवायचा. असले शॉट नुसते चित्रासाठी घेतात, त्यांना आवाज लागत नाही, पण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आवाज येतच राहतो.

नाथाने एक डिस्क लावली. काळं पातेलं, वाफ, कोपरापासून खाली दोन हात. भारतचा स्वतःचा आवाज आला, कट. आणि मग मंजूचा.

"चौदावा ना हा? एवढ्यात माझी घरी दोन वेळची भाजी झाली असती."

"थोडं हळू सोड. सगळा एकदम पडतोय."

"हळू सोडायला तो काय भंडारा आहे? अहो, तो लाईट सरकवा, माझ्या कपाळावर पापड भाजेल."

नाथा हसला. भारतही हसला. मग दुसरी क्लिप, तिसरी. एकात ती कोणाला तरी शाळेतली गोष्ट सांगत होती, एकात तिला शिंक आली आणि मिरचीपूड पार लाईटवर उडाली. भारत प्रत्येक क्लिपमध्ये काहीतरी शोधत होता. नाथाच्या ते ध्यानात आलं.

"सर, तोंड नाही मिळणार. मी बघितलंय. वहिनी गेल्या तेव्हा मी सगळं बघून घेतलं होतं. एकदाही कॅमेरा वर गेलेला नाही."

अकरा वर्षं कॅमेऱ्यापुढे उभी केलेली बायको, आणि कॅमेरा एक वीतभर वर नेला नाही. भारतने मान हलवली. तो प्रोड्यूसर होता. फ्रेममध्ये काय नको हे बघणं हेच त्याचं काम होतं.

"शेवटची लाव," तो म्हणाला. "तेवीसची."

नाथाने त्याच्याकडे बघितलं. "नक्की?"

"लाव."

त्या वर्षी मंजूचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा. त्यासाठी डाव्या हातात, मनगटाच्या वर, शिरांची जोडणी केलेली होती. तो भाग फुगून दोरीसारखा दिसायचा. त्या हातात बांगडी घालायची नाही, त्या हाताने ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ह्या वेळी दुसरं कोणीतरी बघू, असं भारत तिला म्हणाला होता.

"का? हातांना काय झालंय?" ती म्हणाली होती. "बिघडलीय ती किडनी."

म्हणून लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलं, बांगड्या उजव्याच हातात घातल्या आणि शूटिंग झालं. पडद्यावर ते हात आले. बोटं वाळलेली, नखं काळवंडलेली, मसाला घेतलेली मूठ थरथरत होती. बांगड्या मागे सारायला डावा हात उजव्याकडे आला, तेव्हा बाही वर सरकून ती फुगलेली शीर दिसली. लगेच भारतचा आवाज आला, कट, परत घेऊ. टेक दोन. टेक तीन. तिसऱ्यानंतर भारतने नाथाला थांबवायला सांगितलं. असे एकोणीस टेक होते आणि त्यातला एकही फिल्ममध्ये नव्हता.

फिल्म क्लायंटकडे जायच्या आदल्या दिवशी भारतने नाथाला एकोणीस सालचा एक जुना शॉट काढायला लावला होता. तेव्हाचे मंजूचे हात भरलेले होते. नाथाने रंग जुळवला, वाफ जुळवली. कोणाच्या ध्यानात आलं नाही. वहिनींना बोलू नकोस, एवढंच भारतने त्याला सांगितलं होतं.

दिवाळीत दोघं टीव्ही बघत बसली होती आणि जाहिरात लागली. मंजूने सबंध बघितली. मग स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं.

"दोन्ही हातांत बांगड्या आहेत," ती म्हणाली.

"लाईटचा घोळ झाला होता. ऐनवेळी जुना शॉट घालावा लागला."

"हं."

टीव्हीवर मालिका परत सुरू झाली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मग एकोणीस वेळा कशाला टाकायला लावलात?"

भारतने रिमोट उचलून आवाज वाढवला. तिने परत कधी विचारलं नाही, आणि फेब्रुवारीत ती गेली.

गुरुवारी भारत अंबडला गेला. गोटीराम अजून जुन्याच केबिनमध्ये बसायचे. नव्या मालकांनी त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं होतं.

"या भारतराव. सल्लागार म्हणजे काय म्हाईत आहे का? चहा पिणारा माणूस. तुम्ही पण घ्या."

रूपाली फॉर्म छापून घेऊन आली आणि समोर बसली. पेनही तिने आणलं होतं.

"करून टाका सही," गोटीराम म्हणाले. "लय विचार करू नका. माणूस जातं. पण बाईंचे हात हायेत ना अजून. माझी सून फोनवर जाहिरात लागली की म्हणती, मंजूकाकू आल्या. ते पण पुसून टाकायचं का आता? उलट नवीन नवीन जाहिराती होत राहतील. ह्या हातांना मरणच नाय."

दोन रात्री भारत हेच स्वतःला सांगत आला होता. चहावाल्याच्या फोनवर, शेजारच्या टीव्हीवर अचानक ते हात दिसायचे आणि तो मान फिरवायचा. पण न दिसलेल्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखंही वाटायचं. सही केली नाही तर ते दिसणार नव्हते.

"अण्णा, तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला. "तेवीसच्या दिवाळीची जी फिल्म आहे ना, त्यात तिचे तेव्हाचे हात नाहीत. ते चांगले दिसत नव्हते. मी एकोणीस सालचा शॉट घातला. तुम्हाला सांगितलं नाही."

गोटीरामांनी कप खाली ठेवला.

"ती दिवाळीची? पुरणाच्या आमटीची?"

"हो."

"ती बघून तर मी म्हटलं, बाई बऱ्या झाल्या." ते हळू बोलत होते. "घरात सगळ्यांना सांगितलं. हात कसे भरलेत बघा म्हटलं. दवाखान्यात भेटायला येणार होतो, तो म्हणून नाय आलो. म्हटलं, आता कशाला दवाखान्यात, संक्रांतीला घरीच जाऊ. मग तेही राहिलं."

बाहेर पॅकिंगच्या मशीनचा खटखट आवाज चालू होता. गोटीराम भेटायला का आले नाहीत, हे मंजूने दोनदा विचारलं होतं. मोठी माणसं, कामात असतील, असं भारतने सांगितलं होतं.

त्याने फॉर्म रूपालीकडे सरकवला.

"मी सही नाही करत. एकदा मी तिचेच चांगले हात तिच्या हातांच्या जागी लावले. ते तिला कळलं. आता बघायला ती नाही, म्हणून परत तेच करायची परवानगी दुसऱ्या कोणाला देऊ?"

"सर, जुन्या फिल्म आहेत तशा चालू द्या, नवीन काही बनवू नका, असं लिहून दिलं तर?" रूपालीने विचारलं. "मी विचारून बघते."

"ते चालेल. रशेस मात्र माझ्याकडे राहतील."

ती बाहेर जाऊन मुंबईशी बोलली. दहा मिनिटांनी परत आली ती मान हलवतच.

"घ्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नको म्हणतात. सर, म्हणजे मग सगळ्याच फिल्म..."

"कळलं मला."

गोटीरामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राहू द्या मग, रूपालीताई. नवीन हात बघा." आणि भारतला म्हणाले, "चहा गार झाला तुमचा. दुसरा सांगू का?"

तीन आठवड्यांत हात सगळीकडून गेले. नवे शॉट भारतनेच केले. पॅकिंग खात्यातल्या नवसाबाई तयार झाल्या. कॅमेरा लावायच्या आधी त्याने त्यांची सही घेतली, फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते दोनदा वाचून दाखवलं आणि नवीन शॉट बनवण्याचं कलम रूपालीला सांगून काढून टाकायला लावलं. एवढं तिनेही भांडून मिळवलं. मसाला कसा टाकू, असं नवसाबाईंनी विचारलं. तुम्ही घरी टाकता तसा, भारत म्हणाला. त्यांनी चमचा मागितला. त्याने दिला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर भारतने डिस्क घरच्या टीव्हीला जोडली. तेवीसचं फोल्डर उघडलं आणि पहिल्या टेकपासून क्रमाने बघायला सुरुवात केली. पुढे पळवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. चौथा टेक, पाचवा, सहावा. थरथरणारी मूठ, कट, परत घेऊ. स्वतःचा आवाज त्याला ऐकवत नव्हता, तरी त्याने तो कमी केला नाही.

अकराव्या टेकला त्याचा फोन वाजलेला ऐकू आला. बोलत बोलत तो बाहेर गेला. पावलांचा आवाज लांब गेला. कॅमेरा चालूच होता.

"नाथा, चालू आहे का रे हे?" मंजूने विचारलं.

"नाही वहिनी," लांबून नाथा म्हणाला. त्याने बघितलं नसणार.

फ्रेममध्ये पातेलं, त्यात पुरणाची आमटी, कडेला तिचे दोन हात. मग उजव्या हाताचं एक बोट आमटीत बुडालं. बोट फ्रेमच्या वर गेलं आणि स्वच्छ होऊन खाली आलं. मंजूचं मीठ तेव्हा पूर्ण बंद होतं. घरात मिठाची बरणी भारतने वरच्या फळीवर ठेवली होती आणि दर जेवणाला तो तिच्या ताटाकडे पोलिसासारखा बघायचा. बोट परत आमटीत बुडालं, परत वर गेलं. तिसऱ्या वेळी बोट नव्हतं, सरळ पळी होती. पळी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. फुरका मारल्याचा आवाज आला. मग एक सुस्कारा, समाधानाचा.

पावलं जवळ आली. पळी चटकन पातेल्यात गेली, बोटं पदराला पुसली गेली, दोन्ही हात पहिल्यासारखे कडेला येऊन थांबले.

"झालं का बोलून?" मंजू म्हणाली. "घ्या की मग. मी केव्हाची उभी आहे."

भारत मोठ्याने हसला. घरात एकट्यानेच. हसता हसता डोळे पुसले आणि टेक बारा लावला.